चालता चालता ध्यान

"ध्यानाला बसले की डोळा लागतो," ही तक्रार विहारात येणाऱ्या भगिनींकडून नेहमी ऐकू येते. लागणारच! पहाटे पाण्यासाठी उठायचे, डबे करायचे, मग लोकांची धुणीभांडी नाहीतर कारखान्यातली पाळी. असे राबलेले शरीर मांडी घालून बसवले की ते झोपच मागणार. माझेही दोन वर्षे हेच चालले होते. ध्यान आपल्या नशिबी नाही, असे मी धरूनच चालले होते. शेवटी शिबिरासाठी आलेल्या एका भन्तेजींनी सांगितले, "बाई, बसू नका. चाला."

यालाच चंक्रमण म्हणतात. पालीत 'चंकम'. बुद्धगयेला जाऊन आलेल्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूचा लांबट चौथरा पाहिला असेल. तथागतांच्या पावलांची खूण म्हणून तिथे दगडी कमळे कोरली आहेत. संबोधीनंतर तथागत तिथे चंक्रमण करीत होते, अशी परंपरा आहे.

योग आपला नव्हे, असे काही बांधव म्हणतात. पण सिद्धार्थ गौतम आळार कालामांकडे ध्यानमार्ग शिकले, हे बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात लिहिलेच आहे. त्यांनी सारे करून पाहिले, श्वास कोंडण्याची रीतसुद्धा. जे देहाला नुसते छळते ते सोडून दिले. आपणही तेवढीच पारख ठेवावी. हात वर नेताना श्वास घेणे, खाली आणताना सोडणे आणि मन त्या हातातच ठेवणे, एवढे साधले तरी आसन हे ध्यानच आहे.

चंक्रमणाला चाळीची गॅलरी चालते, गच्ची चालते. पंधरा-वीस पावलांची सपाट जागा पुरे. आधी दोन मिनिटे उभे राहून तळव्यांवर आलेला शरीराचा भार जाणावा. नजर चार हात पुढे, जमिनीवर. मग टाच उचलली, पाऊल पुढे गेले, पाऊल टेकले, हे प्रत्येक वेळी मनाने पाहावे. टोकाला पोचल्यावर थांबावे, श्वास घ्यावा, सावकाश वळावे. मन रेशनच्या रांगेत किंवा मुलाच्या फीकडे पळेल. पळू द्यावे, कळले की परत पावलावर आणावे. स्वतःवर चिडू नये. सुरुवातीला दहा मिनिटे बस्स. शेजारणी हसतात, माझ्या तर हसल्याच! पुढे त्यांतलीच एक सोबत चालू लागली.

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबची वाट चालण्याची ताकद येते, प्रयत्नाचे बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना लाभलेली समाधी पुष्कळ काळ टिकते. पाचवा लाभ माझ्या मते आपल्या उपयोगाचा. बसल्यावर मिळालेली शांती उठताच सांडते, चालताना मिळालेली चुलीपर्यंत येते. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र यामुळे बंद करू नयेत. गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारावे. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नये, चप्पल घालावी.

चपलेवरून सोण कोळिविसाची गोष्ट आठवते. चंपेच्या धनवान घरातला हा तरुण भिक्षू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या तळव्यांतून रक्त वाहू लागले. तरी थांबेना. हाती काही लागले नाही, तेव्हा घरी परतण्याचा विचार मनात आला. तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? आणि सैल सोडल्या तर? सोणाला उमजले. मग तथागतांनी त्याला एका तळाची पायताणे वापरायला परवानगी दिली. सोण म्हणाला, एवढी संपत्ती सोडून आलो, आता मी एकटाच पायताणे घालू? संघाला परवानगी मिळाली तर मीही घालीन. तेव्हा तथागतांनी सर्व भिक्षूंना तशी पायताणे वापरण्याची मोकळीक दिली.