खारजमिनींतील भात

पनवेलच्या खाडीलगतचें आमचें कामोठें आज इमारतींनीं भरलें आहे. परंतु याच खाडीच्या परिसरांत शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून भात पिकविला. बांध फुटला कीं भरतीचें पाणी शेतांत शिरे आणि रोपें ओल्या मातींतच तहानेनें वाळत. हें कसें?

मातींत मीठ वाढलें म्हणजे मुळांस पाणी ओढणें कठीण होतें. शिवाय मिठांतील सोडियम साठून पानें करपतात. म्हणून क्षार सोसणें व अवर्षण सोसणें हे गुण भावंडांसारखे होत.

काळा राता, भुरा राता या कोंकणांतील जुन्या जाती मात्र अशा जमिनींतहि तग धरितात. हें बळ बीजांतच असतें. भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील असें एक जनुक २००५ सालीं ओळखलें गेलें. त्यायोगें बनणारें प्रथिन वर चढणाऱ्या रसांतून सोडियम मागें खेंचतें. तें पानांपर्यंत फारसें पोंचत नाहीं. टोमॅटोसाठीं असाच शोध पेरू देशाच्या रुक्ष प्रदेशांतील रानटी जातींत चालतो.

एकट्या जनुकानें मात्र काम भागत नाहीं. अनेकांची जोड लागते. म्हणूनच पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें भुरा रात्याचा अधिक पिकणाऱ्या जातीशीं संकर करून ‘पनवेल-१’ हें वाण सिद्ध केलें.

शेत गेलें तर धान्य दुसरीकडून आणतां येईल. जुनें बियाणें नष्ट झालें तर त्यांतील गुण पुन्हां मिळणें दुर्घट. विद्यार्थिमित्रहो, आपल्या आजोबांस त्यांच्या शेतांतील भातांचीं नांवें विचारून आजच टिपून ठेवावीं.