ई.सी.जी. नॉर्मल आहे, म्हणजे काय?

प्रिय विद्यार्थ्यांनो, पालक आणि विश्वस्त मंडळी,



गेल्या सत्रात मी तीन आठवडे रजेवर होते. "मॅडमना काय झालं होतं?" असे अनेकांनी विचारले. त्याचे उत्तर आज देते, कारण ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जाताना मला धाप लागू लागली. छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखे वाटायचे, डावा जबडा दुखायचा. पायरीवर दोन मिनिटे थांबले की सगळे नाहीसे. घरी कुणी म्हणाले, गॅस असेल. कुणी म्हणाले, दाढ दाखव. बायकांना हृदयविकार कमी होतो, असा माझाही समज होता. सोडा घेऊन मी गप्प बसले. आठवीला रक्ताभिसरण शिकवणारी मी, स्वतःच्या बाबतीत तीन आठवडे चुकले.

हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. साऱ्या शरीराला रक्त देणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या दोन मुख्य वाहिन्या, डावी व उजवी, हृदयाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या असतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, तिथे त्यांना धमनी म्हणतात. मराठीत रोहिणी आणि धमनी दोन्ही शब्द चालतात. या धमन्यांची जाडी साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढी.

तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे धमनीचे आतले अस्तर दुखावते. मग कोलेस्टेरॉल त्या अस्तराखाली, भिंतीतच साठू लागते. हे काम वर्षानुवर्षे चालते, त्याची सुरुवात तरुणपणीच होऊ शकते. मार्ग ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाला की बसल्याजागी रक्त पुरते, पण जिना चढताना कमी पडते. माझे दुखणे हेच होते. याहून मोठा धोका वेगळा आहे. साठलेल्या थरावरचे पातळ आवरण अचानक फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद पडते. हाच हार्ट अटॅक. पुष्कळदा तो थर आधी फार मोठा नसतो, म्हणून काहींना पूर्वसूचनाही मिळत नाही.

शेवटी मी डॉक्टरांकडे गेले. ई.सी.जी. काढला, नॉर्मल आला. "मग घरी जाऊ?" मी विचारले. डॉक्टर म्हणाले, "आत्ता दुखतंय का? नाही ना? मग आत्ताचा आलेख चांगलाच येणार." मला एकदम पटले. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गातली शांतता पाहून शिस्त उत्तम आहे, असे आपण म्हणतो का?

प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. ई.सी.जी. हृदयातील विजेचा त्या क्षणाचा आलेख आहे. त्यातील कार्यासाठी आइंथोवेन यांना १९२४ साली नोबेल मिळाले. रक्तातील ट्रोपोनिन हे प्रथिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, ते सांगते. ते वाढायला काही तास लागतात, म्हणून ही तपासणी पुन्हा करतात. इको म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेले चित्र; झडपा आणि स्नायू कसे काम करतात, ते त्यात दिसते. टी.एम.टी.मध्ये आपल्याला फिरत्या पट्ट्यावर चालवतात, दर ३ मिनिटांनी वेग व चढ वाढवतात आणि श्रमात हृदय काय करते, ते पाहतात. माझा आलेख तिथे बदलला.

त्यानंतर अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, त्यातून क्ष-किरणांत दिसणारे औषध सोडतात, आणि अडथळा कुठे व किती आहे हे पडद्यावर दिसते. विद्यार्थ्यांनो, १९२९ साली फोर्समान नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडातील शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. त्यांना १९५६ साली नोबेल मिळाले. तुम्ही मात्र असे प्रयोग वहीतच करावे!

माझ्या धमनीत अडथळा निघाला, स्टेंट बसवला. स्टेंटने वाट मोकळी झाली, रोग गेला नाही. औषधे, चालणे आणि सकाळच्या पोह्यांवरची शेव कमी करणे आता कायमचे.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी आल्याचे आढळले. म्हणजे आपल्या बहुतेक पालकांचे ते वय फार लांब नाही.

म्हणून तीन विनंत्या.

पालकांनो, चाळिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्या. वडील-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हा आजार झाला असेल, तर त्याआधीच.

विद्यार्थ्यांनो, घरात कुणाच्या छातीत दाब, घाम, धाप, किंवा हात, पाठ, जबड्यात कळ असेल आणि ती विश्रांतीनेही थांबत नसेल, तर गॅसचे औषध शोधत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. आई "मला काही नाही" म्हणाली, तरी करा. पहिला तास फार मोलाचा असतो.

विश्वस्त मंडळींना विनंती, की शिक्षकांबरोबर शिपाई व मदतनीस बायांचीही वार्षिक तपासणी व्हावी, आणि बंद पडलेल्या हृदयाला छाती दाबून आधार कसा द्यावा, हे नववीपासून सर्वांना शिकवावे.

प्रयोगशाळेचा जिना मी आता रोज चढते. थांबावे लागले, तर मात्र यावेळी लपवणार नाही.

आपली,
प्राचार्या