काटा खोटं बोलतोय की इंजिन खरंच तापलंय?

डॅशबोर्डवर स्पीडच्या काट्याशेजारी एक छोटा काटा असतो, एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. तो मधोमध उभा असतो तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त करून बेळगावला परतताना, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर चोर्ल्याचा चढ, अशा वेळी तो वर जातो, खाली येतो, परत वर जातो. मग सगळ्यांच्या नजरा तिथेच.

आपण साहित्याचे विद्यार्थी, त्यामुळे पहिला प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे: या निवेदकावर विश्वास ठेवायचा का? कारण काटा स्वतः काहीच मोजत नाही. इंजिनात फिरणाऱ्या कूलंटमध्ये एक सेन्सर बुडालेला असतो. गरम झाला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि ही खबर वायरीतून काट्यापर्यंत येते. म्हणजे बिघाड निरोपात असू शकतो, किंवा निरोप खरा असून बिघाड इंजिनात असू शकतो.

हे ओळखायला काट्याचा वेग बघायचा. छोट्या गाडीतसुद्धा चार-पाच लिटर कूलंट असतं. एवढं पाणी डोळ्याची पापणी लवेपर्यंत तापत नाही आणि निवतही नाही. काटा खड्ड्यात आदळल्यावर उडी मारत असेल, किंवा हेडलाइट लावल्याबरोबर सरकत असेल, तर दोष बहुधा वायरिंगचा. गाडी बंद करून, इंजिन थंड असताना सेन्सरचा कनेक्टर काढून बघा. आत हिरवट गंज असला तर साफ करा, अर्थिंगचा बोल्ट घट्ट करा. तरीही तसंच राहिलं तर सेन्सर बदला. पण आधी सेन्सरच बदलून बघू, हा गॅरेजमधला सल्ला मला पटत नाही. काटा सावकाश हलत असेल तर निरोप्याला बदलून काय होणार?

सावकाश हलणारा काटा केव्हा हलतो ते बघायचं. ट्रॅफिकमध्ये उभं असताना चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो? तर रेडिएटरचा फॅन फिरत नसेल. फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने तपासा. मोकळ्या रस्त्यावर पार सी कडे झुकतो? तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. या झडपेत मेण असतं, ते साधारण 82 ते 88 अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करतं. आपल्याकडे बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात. काटा खाली राहतो, मालक खूश. पण इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त जातं, आणि खरा आजार झाकला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कूलंट कमी होऊन आत हवा शिरणं. हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी आला-गेला की काटा बेताल वर-खाली होतो. याची एक छान खूण म्हणजे हीटर. तो पूर्ण गरमवर लावा. मध्येच गरम, मध्येच गार वारा आला तर आत कूलंट कमी आहे असं समजा. आणि इथेच काटा फसवतो. कूलंट फारच उतरलं की सेन्सर कोरडा पडतो, त्यामुळे चढलेला काटा अचानक खाली येऊ शकतो. आपल्याला वाटतं, सुटलो! प्रत्यक्षात आतलं अॅल्युमिनियमचं हेड तापत असतं, आणि ते वाकलं की खर्च हजारांत जातो. काटा चढून एकदम पडला आणि हीटर गार वारा देतोय, तर वळणाच्या पुढे सुरक्षित जागा बघून गाडी लगेच बंद करायची.

काटा फक्त चढत असेल तर आधी एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली. घामाघूम व्हाल, पण इंजिनची उष्णता बाहेर पडेल. तरी चढतोच आहे, तर थांबा. रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. ते कुकरच्या झाकणासारखं आत दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की ते तत्क्षणी उकळून तोंडावर येतं. निदान पाऊण तास जाऊ द्या आणि वरचा होज पाइप हाताला गार लागला तरच फडक्याने उघडा.

भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर गरमवर, इंजिन सुरू, आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओता. त्यानंतर विचारायचा प्रश्न: आधीचं गेलं कुठे? होजचे क्लॅम्प, रेडिएटर, वॉटर पंप यांच्याखाली ओल बघा. बाहेर कुठेच गळती नाही, पण बुडबुडे थांबतच नाहीत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीसारखा थर आहे, तर हेड गॅस्केट गेलंय. मग गाडी चालवत न्यायची नाही, टो करायची.

घाटात दुसरं काहीच नसेल तर प्यायच्या पाण्याची बाटली ओतली तरी चालते, फक्त इंजिन निवल्यावर. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कायमचं ठेवू नका, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. घरी पोचल्यावर ते काढून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरून घ्या.