शनिवार, दहा ते पाच

सकाळी ९:४५
वांद्रे पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलातलं कौटुंबिक न्यायालय गाठते. मी इथे विवाह समुपदेशक आहे. आधी तडजोडीचा प्रयत्न करायचा, हे १९८४ च्या कायद्याने न्यायालयावर टाकलेलं काम. त्यातलं बरंचसं आमच्या टेबलावर होतं. पक्षकार माझ्याशी जे बोलतात ते गोपनीय राहतं, म्हणून पुढच्या माणसांचे तपशील मी बदलले आहेत.

१०:३०
नवीन प्रकरण. नवरा एका बाकावर, बायको दुसऱ्यावर, मधल्या बाकांवर दोन्हीकडचे नातेवाईक. आधी एकेकाशी बोलते, मग दोघांशी. मुलगी चार वर्षांची.

"पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं ना, मॅडम?" मुलीच्या आजी विचारतात. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा तसं म्हणतो, पण 'सर्वसाधारणपणे'. त्याच कायद्यात मुलाचं हित सगळ्यांच्या वर ठेवलं आहे. वडिलांचा मुद्दा वेगळा: "कमावतो मी, मग ताबा माझ्याकडे का नाही?" मी सांगते, कमाईवरून पोटगी ठरते, ताब्यासाठी मुलाला काय हवंय ते बघतात. मग दोघांना तेच प्रश्न विचारते. डबा कोण भरतं? ताप आला तर रात्री कोण जागतं? वर्गशिक्षिकेचं नाव काय? उत्तरं देताना कोण कोणाकडे बघतं, हे मी टिपत असते.

११:००
बोर्ड सुरू. शिपाई पुकारा करतो तशी माणसं दाराकडे धावतात. या न्यायालयात वकील लावणं हा हक्क नाही, परवानगी घ्यावी लागते; प्रत्यक्षात बहुतेकांबरोबर वकील असतात. पुढची तारीख मिळाली की अर्धा मजला रिकामा होतो.

१२:००
पोटगीची बोलणी. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरवून दिलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्यातच. आता पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट टेबलावर येतं. नवऱ्याच्या कागदात हप्तेच हप्ते. बायकोच्या कागदात तिची पदवी, आणि त्यावर त्याचं बोट: "शिकलेली आहे, कमवू शकते." कमवू शकणं आणि कमावणं यांत फरक आहे, आणि दरम्यान मुलाची फी थांबत नाही. मी मुलाचा खर्च वेगळा मांडायला लावते: शाळा, व्हॅन, क्लास, औषधं, घरभाड्यातला वाटा. आकडा ओळीओळीने पुढे आला की आवाज जरा खाली येतो.

शेजारच्या टेबलावर थकबाकीचं प्रकरण. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम १२५ आता नव्या संहितेत १४४ झालं असलं तरी इथे सगळे अजून 'एकशे पंचवीस'च म्हणतात. पोटगी थकवली तर एका महिन्याच्या रकमेसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणं फिटत नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी दोन वाक्यं याच वेळची. ती म्हणते, "पैसे नाहीत तर भेट नाही." तो म्हणतो, "भेट नाही तर पैसे नाहीत." दोघांना एकच उत्तर: पोटगी मुलाची आहे आणि भेटही मुलाची. एक अडवली म्हणून दुसरी अडवायची नाही.

२:००
डबा. कोणीच प्रकरणांवर बोलत नाही.

२:३०
मुलांची खोली. इथे न्यायालयाच्या हुकुमाने भेटी होतात. नऊ वर्षांचा एक मुलगा वडिलांशी कॅरम खेळायला बसतो, पण आधी मला सांगून टाकतो, "मला बाबांकडे जायला मानसिक त्रास होतो." नऊ वर्षांच्या तोंडी हा अर्जातला शब्द. मी त्याला कोण आवडतं हे विचारत नाही. रविवारी काय करतोस, विचारते. समज असलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं, अशी तरतूद १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासून आहे. पसंती मात्र त्याची स्वतःची हवी. वीस मिनिटांत तो वडिलांवर ओरडतो: "राणी माझी होती!" त्रासाचा विषय पुन्हा निघत नाही.

४:००
त्याचेच आईवडील माझ्यासमोर. जुन्या हुकुमात 'महिन्यातून दोनदा भेट' एवढंच आहे आणि त्या तीन शब्दांवरून वर्षभर भांडण चाललंय. आम्ही मसुदा नव्याने लिहितो. कुठला दिवस? किती ते किती? सोडायचं कुठे, घरात की सोसायटीच्या गेटवर? आजी-आजोबा भेटतील का? परीक्षा आली, ताप आला, तर बदली दिवस कोणता? गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची? फी परस्पर शाळेच्या खात्यात. पासपोर्ट कोणाकडे? 'ताबा' शब्दावर दोघं तावातावाने बोलतात, पण मुलाचे आठवडे या तपशिलांवर चालतात.

"हे आता कायमचं?" वडील विचारतात. नाही. मूल वाढतं, क्लास लागतात, घरं बदलतात. परिस्थिती बदलली की न्यायालय अशा अटी बदलू शकतं, हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ त्यासाठीच आहे.

५:१५
सगळं ठरतं, दिवस सोडून. त्याला रविवार हवा, तिला शनिवार. पंधरा मिनिटं कोणी हलत नाही. मग ती म्हणते, "रविवारी हार्बरला मेगाब्लॉक असतो. पोराला घेऊन दीड तास लटकणार का?" तो गप्प होतो, मग मान हलवतो: "ते खरंय." या प्रकरणात दोघांचं पहिलं एकमत रेल्वेवर होतं. मी लगेच लिहून घेते: पहिला आणि तिसरा शनिवार, दहा ते पाच. खाली दोघांच्या सह्या. मसुदा उद्या न्यायाधीशांपुढे जाईल.