शेतीच्या नोंदी संगणकावर : तक्ते कसे आखावेत?

खरीप आटोपला की गटाच्या किंवा उत्पादक कंपनीच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा कोणते वाण परवडले? उत्तराला लागणारी माहिती बहुतेक ठिकाणी असतेच. बियाण्याच्या पावत्या असतात, काट्याच्या चिठ्ठ्या असतात, मजुरीची वही असते, व्यापाऱ्याची हिशोबपट्टी असते. २००२ च्या कायदा दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढण्याची सोय झाली, तेव्हापासून अनेक गावांत संगणकही आला आणि तो चालविणारा मुलगा किंवा मुलगीही मिळाली. तरीसुद्धा उत्तर मिळत नाही. कधी मिळते, पण चुकीचे मिळते. चुकीचे उत्तर जास्त घातक, कारण ते छापील कागदावर येते आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो.

असा कागद मी स्वतः एकदा तयार केला होता. एका गटाच्या सोयाबीनचा जमाखर्च मांडायचा होता. एका फाईलमध्ये प्लॉटनिहाय लागवडीचा खर्च होता, दुसरीत विक्री. शेतकऱ्याच्या क्रमांकावरून मी दोन्ही फाईली जोडल्या आणि बेरजा काढल्या. निष्कर्ष असा निघाला की, ज्यांनी मळणी होताच सगळा माल एकदम विकला ते फायद्यात आणि ज्यांनी माल साठवून टप्प्याटप्प्याने विकला ते तोट्यात. गोदाम भाड्याने घेण्याचा विषय त्याच बैठकीपुढे होता. तो बारगळण्याच्या बेतात असताना मागे बसलेले एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, "सर, माझ्या रानात एवढं खत पडलंच नाही."

त्यांचे म्हणणे खरे होते. झाले काय, ते उदाहरणाने पाहू. समजा एक हेक्टर सोयाबीनला ४०,००० रुपये खर्च आला. उत्पादन २० क्विंटल. त्यापैकी १२ क्विंटल ४,५०० रुपयांनी आणि ८ क्विंटल ४,७०० रुपयांनी विकले. उत्पन्न ५४,००० अधिक ३७,६०० म्हणजे ९१,६०० रुपये आणि फायदा ५१,६०० रुपये. पण खर्चाच्या फाईलमध्ये या प्लॉटची ओळ एक आणि विक्रीच्या फाईलमध्ये ओळी दोन. जोडणी करताना संगणक खर्चाची ओळ विक्रीच्या प्रत्येक ओळीपुढे पुन्हा लिहितो. त्यामुळे खर्च ८०,००० होतो आणि फायदा ११,६०० वर येतो. तेवढ्याच रकमेचा माल तीन वेळा विकला असता तर खर्च १,२०,००० दिसला असता आणि २८,४०० रुपयांचा तोटा निघाला असता. संगणकाची बेरीज बिनचूक होती, माझी आखणी चुकली होती.

आधी ठरवा : एक ओळ म्हणजे काय?

तक्ता उघडण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे : "या तक्त्यातील एक ओळ म्हणजे..." उदाहरणार्थ, "एक ओळ म्हणजे एका प्लॉटमधील एका पिकाची एका हंगामातील लागवड", किंवा "एक ओळ म्हणजे काट्यावर झालेले एक वजन". संगणकशास्त्रात याला ग्रेन म्हणतात. ग्रेन म्हणजे दाणाच, तेव्हा शब्द आपल्याला परका वाटू नये. दाणा जेवढा बारीक तेवढे प्रश्न अधिक विचारता येतात. काट्याची प्रत्येक चिठ्ठी नोंदविली असेल तर पुढे आठवड्याची, महिन्याची किंवा गावाची बेरीज केव्हाही काढता येते. फक्त महिन्याची बेरीज लिहून ठेवली असेल तर त्यातून चिठ्ठी परत मिळत नाही. जागा पुरणार नाही ही भीती निराधार आहे. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी बसतात.

एका तक्त्यात दोन प्रकारचे दाणे मात्र कधीही मिसळू नयेत. वजनांच्या ओळींमध्येच महिनाअखेरच्या बेरजेची ओळ घालण्याची सवय फार ठिकाणी आढळते. मग संगणक वजनेही मिळवितो आणि बेरीजही मिळवितो.

कोणती पद्धत कोणाला योग्य?

दोन-तीन प्लॉट असणाऱ्या शेतकऱ्याने एकच सपाट तक्ता ठेवावा. सगळी माहिती एकाच ओळीत लिहिली तरी चालते. अधिक खटाटोपाची गरज नाही.

गटाचे किंवा कंपनीचे काम सुरू झाले की सपाट तक्ता अपुरा पडतो. प्रत्येक चिठ्ठीपुढे शेतकऱ्याचे नाव, गाव, वाण हे सारे पुन्हापुन्हा लिहावे लागते आणि एकच वाण "फुले संगम", "संगम", "केडीएस ७२६" अशा तीन नावांनी बसते. मग संगणकाच्या लेखी ती तीन वाणे होतात. यावरचा उपाय १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेल्या पद्धतीत आहे : प्रत्येक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि बाकी ठिकाणी तिचा क्रमांक वापरावा. बिलाची आणि हिशोबाची सॉफ्टवेअरे सहसा याच तत्त्वावर चालतात. रोजच्या नोंदीला ही पद्धत उत्तम आहे. परंतु तक्ते पुष्कळ होतात आणि साध्या प्रश्नासाठीही सहा-सात ठिकाणे जोडावी लागतात.

विश्लेषणासाठी मधला मार्ग सोयीचा पडतो. अमेरिकेतील राल्फ किंबॉल यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात तो विस्ताराने मांडला. मध्यभागी घडलेल्या व्यवहारांचा एक तक्ता ठेवायचा, त्यात मुख्यतः क्रमांक आणि मोजमापे. भोवती ओळख सांगणारे तक्ते ठेवायचे : शेतकरी, प्लॉट, वाण, तारीख, खरेदीदार. आकृती काढली तर चांदणीसारखी दिसते, म्हणून स्टार स्कीमा हे नाव. किती, केवढे, काय भावाने, हे मधल्या तक्त्यात. कोणी, कुठे, केव्हा, कोणते, हे भोवतालच्या तक्त्यांत. पन्नास सभासदांचा गटही हे काम एक्सेलच्या चार-पाच पानांवर करू शकतो.

माझी चूक या पद्धतीत कशी टळली असती? खर्च हा एक मधला तक्ता आणि विक्री हा दुसरा. दोघांचे दाणे वेगळे. म्हणून त्यांना एकमेकांना थेट जोडायचे नाही. खर्चाची बेरीज प्लॉट व हंगामानुसार वेगळी काढायची, विक्रीची तशीच वेगळी काढायची आणि मग दोन बेरजा शेजारी ठेवायच्या. दोन्ही तक्त्यांत प्लॉटचा आणि हंगामाचा क्रमांक एकच असला पाहिजे, एवढीच अट. म्हणूनच खर्च लिहिणारा आणि काटा लिहिणारा यांनी वेगवेगळ्या याद्या वापरू नयेत.

प्लॉटचा क्रमांक स्वतःचा असावा

सातबाऱ्यावरचा गट नंबर हाच प्लॉटचा क्रमांक धरावा असे बहुतेकांना वाटते. तसे करू नये. एका गटात अनेक खातेदार असतात, वाटणी झाली की पोटहिस्से पडतात आणि एकाच खातेदाराच्या एका गटात अर्धी जमीन भारी, अर्धी मुरमाड असू शकते. प्लॉटला आपला वेगळा क्रमांक द्यावा आणि गट नंबर त्याच्यापुढे माहिती म्हणून लिहावा. सभासदांचेही तसेच. एका गावात एकाच नावाचे दोघे असणे नवलाचे नाही.

क्षेत्राचे एकक एकच ठेवावे. बोलताना आपण गुंठे आणि एकर म्हणतो, उताऱ्यावर हेक्टर-आर असते. ४० गुंठ्यांचा एकर आणि सुमारे २.४७ एकरांचा हेक्टर, हा हिशेब एकदाच करून तक्त्यात सर्वत्र हेक्टरच लिहावे.

दुसरी गोष्ट बदलाची. समजा प्लॉट क्रमांक १४ हा २०२२ पर्यंत जिरायत होता आणि २०२३ मध्ये तेथे ठिबक बसले. प्लॉटच्या तक्त्यात "जिरायत" खोडून "बागायत" लिहिले, तर २०१९ चे उत्पादनही बागायती म्हणून मोजले जाईल आणि ठिबकमुळे काहीच फरक पडला नाही असा निष्कर्ष निघेल. अशा वेळी जुनी ओळ तशीच ठेवून तिला "पर्यंत" ची तारीख द्यावी आणि "पासून" ची तारीख घालून नवी ओळ लिहावी. मोबाईल क्रमांक बदलला तर मात्र खुशाल खोडावा, त्याचा उत्पादनाशी संबंध नाही.

कशाची बेरीज करावी, कशाची करू नये

वजन, रक्कम आणि मजुरांचे दिवस यांची बेरीज सर्व अंगांनी करता येते. गोदामातील शिलकीची करता येत नाही. सोमवारी १०० पोती होती आणि मंगळवारीही तीच १०० आहेत, म्हणून २०० झाली असे कोणी म्हणणार नाही. पण संगणक म्हणतो. शिल्लक एका दिवशी सर्व गोदामांची मिळवावी, दिवसांची मिळवू नये.

भाव, आर्द्रता आणि हेक्टरी उत्पादन यांची तर कोणत्याच अंगाने बेरीज होत नाही, आणि साधी सरासरीही फसवी असते. ०.४० हेक्टरमध्ये १० क्विंटल म्हणजे हेक्टरी २५ क्विंटल. २ हेक्टरमध्ये ३० क्विंटल म्हणजे हेक्टरी १५. दोन्हींची सरासरी २० येते. प्रत्यक्षात २.४० हेक्टरमध्ये ४० क्विंटल निघाले, म्हणजे हेक्टरी १६.६७. छोटे प्लॉट बहुधा घराजवळचे, निगा राखलेले असतात, त्यामुळे साधी सरासरी बहुधा फुगते. तक्त्यात क्षेत्र आणि वजन हेच लिहावे, भागाकार शेवटी करावा.

आर्द्रतेबाबतही हाच नियम आहे. १६ टक्के आर्द्रतेचे १० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर आणल्यास १० गुणिले ८४ भागिले ८८, म्हणजे ९.५५ क्विंटल भरते. नुसते "हिशोबी वजन" लिहून ठेवू नये. काट्याचे वजन आणि मापलेली आर्द्रता या दोन्ही मूळ गोष्टी लिहाव्यात. पुढच्या वर्षी खरेदीदाराने वजावटीचा नियम बदलला तरी जुना माल नव्या नियमाने मोजून पाहता येतो.

आंतरपीक : खरी कसोटी

आपल्याकडील नोंदींत सर्वांत जास्त घोळ येथे होतो. सोयाबीन + तूर ४:२ ओळींत एक हेक्टरवर घेतले. सोयाबीनपुढे १ हेक्टर आणि तुरीपुढे १ हेक्टर लिहिले तर गावाचे क्षेत्र दुप्पट होते. ओळींच्या प्रमाणात ०.६७ आणि ०.३३ लिहिले तर क्षेत्र जुळते. पण १४ क्विंटल सोयाबीनला ०.६७ ने भागून हेक्टरी २१ क्विंटल आले असे सांगणे हीसुद्धा धूळफेकच, कारण तुरीच्या ओळीलगतच्या मोकळ्या जागेचा लाभ सोयाबीनने घेतलेला असतो.

म्हणून प्लॉट आणि पीक यांच्या मध्ये एक जोडतक्ता ठेवावा आणि त्यात प्रत्येक पिकाचा वाटा लिहावा. क्षेत्राची बेरीज करताना वाटा वापरावा. फायदा-तोटा काढताना वाटा बाजूला ठेवून पूर्ण प्लॉट धरावा. दोन पद्धतींची तुलना करावयाची असेल तर तुरीचे सोयाबीन-समतुल्य उत्पादन काढावे. सोयाबीन ४,५०० आणि तूर ७,००० रुपये भाव धरल्यास ६ क्विंटल तूर म्हणजे ९.३३ क्विंटल सोयाबीन. १४ मिळविले की २३.३३ क्विंटल. हे शुद्ध सोयाबीनच्या उत्पादनाशी ताडून पाहता येते. खतांचा आणि मशागतीचा सामाईक खर्च दोन पिकांत वाटण्याचा अट्टाहास मी तरी करणार नाही. त्या वाटपाला शास्त्रीय आधार फारसा नसतो.

वर्ष कोणते?

कृषी वर्ष १ जुलै ते ३० जून, आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च आणि साखर हंगाम १ ऑक्टोबरपासून. जून २०२४ मध्ये पेरलेली तूर जानेवारी २०२५ मध्ये निघाली आणि मे मध्ये विकली, तर पैसा पुढच्या आर्थिक वर्षात पडला. आडसाली ऊस तर दीड वर्ष शेतात उभा असतो. यासाठी तारखांचा एक स्वतंत्र तक्ता करून प्रत्येक तारखेपुढे तिचे कृषी वर्ष आणि आर्थिक वर्ष लिहावे. हंगाम मात्र तारखेवरून काढू नये. तो लागवडीच्या ओळीत लिहून विक्रीच्या ओळीत क्रमांकाने आणावा, म्हणजे मे मधली विक्री आपल्या खरिपाला जाऊन मिळते.

घरच्या मजुरीचा रकाना वेगळा ठेवावा. ती रोख खर्चात मिसळली की पुढे वेगळी काढता येत नाही, आणि हिशेबात ती धरायची की नाही हे प्रत्येक प्रश्नागणिक बदलते.

सुरुवात एकाच व्यवहारापासून करावी आणि तो म्हणजे काटा, कारण तेथे चिठ्ठी असते आणि दोन्ही पक्षांची सही असते. एक हंगाम तो तक्ता नीट चालला की मग खर्च घ्यावा. पिव्होट टेबलवर पहिला अहवाल निघाला की तो बैठकीत ठेवण्यापूर्वी एकूण वजन काट्याच्या वहीशी आणि एकूण रक्कम बँकेत जमा झालेल्या रकमेशी ताडून पाहावी. त्यानंतर कोणत्याही तीन सभासदांना त्यांची त्यांची ओळ दाखवून, एवढे खत खरोखर पडले होते का, हे विचारून घ्यावे.