कीटकभक्षींच्या वाफ्यासाठी माती

मूळ मिश्रण: स्फॅग्नम पीट १ भाग, धुतलेली सिलिका वाळू किंवा परलाइट १ भाग. पीट आधी पूर्ण भिजवावं. कोरडं पीट पाणी सहजी शोषत नाही. थर किमान ३० सेंमी.

• व्हीनस फ्लायट्रॅप, सारासेनिया यांना आम्लधर्मी, निकस माती मानवते. नत्राची उणीव कीटक भरून काढतात.

• वर्ज्य: शेणखत, गांडूळखत, बागेतली माती, रासायनिक खत. समुद्राची वाळू तर नकोच: तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुना असतो.

• कोकोपीट घेतल्यास क्षार निघेपर्यंत धुवावं.

• पाणी: पावसाचं, डिस्टिल्ड किंवा आरओचं. बोअरवेलचे क्षार मातीत साचून मुळं मारतात.

• कासच्या सड्यावर दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती जांभ्यावरच्या अशाच निकस, ओल्या मातीत वाढतात.