बॅटला झाड हवं
श्रीनगरहून जम्मूकडे निघालात, की अनंतनाग जिल्ह्यात संगमच्या आसपास बॅटींची दुकानं लागतात. मागच्या अंगणात विलोच्या लाकडाच्या फळ्या चळती रचून वाळत टाकलेल्या. धंदा छोट्या कारखानदारांचा. वर्षानुवर्षं त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे गल्लीत आणि मैदानावर खेळणारी आपली पोरं. मोठ्या सामन्यांत मान इंग्लिश विलोचा. २०२१ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात ओमानचे काही खेळाडू काश्मिरी बॅट घेऊन उतरले आणि परदेशातून विचारणा वाढली.

पण माल द्यायचा कुठून? विलोचं झाड बॅटजोगं व्हायला पंधराएक वर्षं लागतात. पॉपलर त्याहून लवकर वाढतो, प्लायवूडला आणि सफरचंदाच्या पेट्यांना चालतो. शेतकरी तोच लावणार; घरखर्च काही पंधरा वर्षं थांबत नाही! न घडवलेलं विलो बाहेर जाऊ नये म्हणून २००० मध्ये कायदा झाला. काम तिथल्याच कारागिरांच्या हाती राहावं, हा हेतू चांगलाच; पण त्यानं नवी झाडं कशी उगवणार? म्हणून अलीकडे काही कारखानदारांनीच रोपं लावायला घेतली आहेत. त्यांच्या बॅटी निघायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर उभ्या झाडांवरच भागवायचं आहे.